आठ फुटांचं छत

अकोला,
ता. १४ मे १९६३

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि त्याच्या मागोमाग आलेलं जाड पाकीट, दोन्ही पोचली. पोस्टमन पाकीट हातात देताना म्हणाला, "सिस्टर, लग्नाचे कागद आले वाटते." मी म्हटलं, नाही हो, माझ्या भावानं घरं कशी बांधावी याचे नियम लिहिले आहेत, ते आलेत. तो म्हणाला, "मंग याच्याहून जड पाहिजे होते."

तुम्हा सगळ्यांना बुद्धजयंतीला यायचं कबूल करून आम्ही आलो नाही, त्याचा तुला राग आला आहे हे तुझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळींवरूनच कळलं. मॅट्रनबाईंनी ऐन वेळी रजा नाकारली. मे महिन्यात दवाखान्यातून रजा मिळवणं म्हणजे काय असतं ते तुला बाहेरून कळायचं नाही. इंदूवहिनीनं खीर केली असेल. धर्मपालला माझ्या वाटची दिली असेल तर माझी काही तक्रार नाही. पोरगा चार वर्षांचा झाला तरी खिरीत तोंड बुडवतो म्हणे. तू त्याहून मोठा झाल्यावरही बुडवत होतास, मायला विचार.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. "इंग्रजीवरून मराठी केलं आहे, भाषा तेवढी पाहून दे" असं तू लिहिलंस, म्हणून तीन दिवस ड्युटीवरून आल्यावर लाल पेन्सिल घेऊन बसले. दादा, तू उत्तम ओव्हरसियर आहेस, पण मराठीत तुला इमारतीसारखे खांब लागतात. "वायुवीजनाची पर्याप्त तजवीज" हे तू कुणासाठी लिहिलंस? "हवा खेळती राहावी" असं लिही की. "सदर" हा शब्द मी एकशे तेरा ठिकाणी खोडला आहे. काही बिघडत नाही त्याच्यावाचून.

पहिल्या पानावर "मसुदा तयार करणार : दे. पुं. इंगळे, ओव्हरसियर, नगरपालिका, अमरावती" असं छापलं आहे. ते मी मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं बोटानं ते नाव चाचपून पाहिलं. "पुं म्हणजे तुया बाप ना?" म्हणाली. मी हो म्हटलं.

भाषेपलीकडचं एक-दोन सहज विचारते. कलम चौदामध्ये घराच्या छताची उंची आजवर दहा फूट होती, ती आता आठ चालेल असं आहे. आणि टिनाचं छत असेल तर खाली काहीच घालायची गरज नाही असंही आहे. कारण दिलंय की शहरात वीज येत आहे, लोक पंखे लावतील, म्हणून उंची कमी केल्यास हरकत नाही. आणि कलम नऊमध्ये मातीच्या भिंतीला साफ बंदी. हे वरून साहेबांकडून आलं की तुझ्या मनातलं आहे? सहज विचारते.

माय बरी आहे. दुपारची समोरच्या माणिकबाईंकडे जाऊन बसते. आत्ताही तिकडेच आहे, म्हणून या पत्राखाली दर वेळेसारखं तिनं आपलं नाव काढलेलं नाही. पोस्टाची पेटी चारला उघडतात, तिची वाट पाहत बसले तर पत्र राहील.

वहिनीला जयभीम. धर्मपालचा एक पापा.

तुझी
शालू

•

अकोला,
ता. २५ मे १९६३

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

एवढं लांब पत्र तू मला नर्सिंगला नागपूरला होते तेव्हासुद्धा लिहिलं नव्हतंस. दोनदा वाचलं. तू म्हणतोस ते सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. दहा फुटांची भिंत म्हणजे विटा जास्त, आणि विटा जास्त म्हणजे गरिबाचं घर अर्ध्यातच थांबतं, हे खरं. टिन चार दिवसांत चढतं, गळत नाही, उंदीर-साप राहत नाहीत, हेही खरं.

पण तुझ्या पत्रातलं खरं वाक्य शेवटून दुसऱ्या पानावर आहे. "शालू, तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवत नाही. मला आठवतं. माझ्या हातात लेखणी आहे तोवर कुणाच्या डोक्याशी मातीची भिंत उभी राहू देणार नाही."

मला आठवतं, दादा. सगळं नाही, पण आठवतं. श्रावणातली झड तीन दिवस थांबली नव्हती. गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतली माणसं हातांनीच माती उपसत होती. कुणीतरी मला उचलून वस्तीतल्या छोट्या देवळापाशी बसवलं. तू रिकामं टोपलं घेऊन उभा होतास आणि कुणी हाक मारली तरी हलत नव्हतास. बाबांना बाहेर काढल्यावरही तू तसाच उभा होतास. पुढे आठ दिवस तू कुणाशी बोलला नाहीस. माय मला सांगायची, "दादाले तरास देऊ नको." म्हणून मी तुला आजवर त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. आजही विचारत नाही.

कलम नऊ कुठून आलं ते मला कळतं. म्हणूनच माझी लाल पेन्सिल त्या कलमावर चालली नाही.

कलम चौदाबद्दल मात्र लिहिते. माझ्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडून मी भिंतीवरचा थर्मामीटर दोन दिवस उसना आणला. दुपारी दोन वाजता आमच्या खोलीत लावला, एकशे चौदा. नंतर तोच समोर माणिकबाईंकडे लावला. तिचं घर धाब्याचं, दीड हात जाड भिंती, वर लाकडावर पांढरी माती थापलेली. तिथं पंचाण्णव. मधे गल्ली, बारा पावलांची. माणिकबाई म्हणाली, "बाई, हे कायचं यंत्र लावून रायली? मले बिनायंत्राचं माईत हाये. म्हून तं सारी गल्ली दुपारी माया घरी येऊन पडते."

गेल्या पंधरवड्यात ऊन लागलेली आठ माणसं आमच्याकडे आली. सहा जण टिनाखालची. बाहेर शेतात काम करताना पडलेले फक्त दोन. बाकीचे घरात, दार लावून, गरम वारा लागू नये म्हणून पडले होते. आमच्या शेजारच्या खोलीतले नत्थुजी तुला आठवत असतील, कापसाच्या जिनात काम करायचे, तू खोली पाहायला आलास तेव्हा तुला पाणी पाजलं होतं त्यांनी. ते सोमवारी गेले. मी त्यांच्या अंगावर ओल्या चादरी टाकत होते, बर्फाची लादी फोडून काखेत ठेवत होते. त्यांच्या अंगाला हात लावला तर तवा वाटायचा. घाम नव्हता. शेवटी ते मला "सिस्टर" म्हणायचं विसरले आणि "पोरी" म्हणाले.

पंखा म्हणतोस, तर नत्थुजींच्या खोलीत वीज नव्हती. आमच्याही नाही. आणि पंखा असता तरी एकशे चौदाची हवाच अंगावर फिरवली असती ना त्यानं? घरच असं बांधा दादा, की पंखा नसला तरी माणूस दुपार काढेल.

तू विचारलंस, मायनं मागच्या पत्रावर नाव का नाही लिहिलं, अक्षरं विसरली का? नाही, विसरली नाही. उजव्या हाताच्या बोटाला पाटा लागलाय. किरकोळ आहे. बाकी तब्येत ठीक. तू उगाच काळजी करू नकोस.

वहिनीनं पाठवलेल्या शेवया पोचल्या. जयभीम सांग.

तुझी
शालू

•

अकोला,
ता. ३ जून १९६३

प्रिय दादा,

जयभीम.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. हे पाचवं.

तुझ्या मसुद्याच्या शेवटच्या पानावर छापलं आहे की या नियमांवर कुणाही नागरिकास हरकत किंवा सूचना लेखी पाठवता येईल. "कुणाही" याच्या आधीचा "सदर" मीच खोडला होता. तर मी हरकत लिहिली आहे. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. कलम चौदावर. परवा, बुधवारी ती रजिस्टरनं टाकणार आहे. आजच टाकता आली असती, पण हे पत्र तुला दोन दिवस आधी मिळायला हवं. कारण आलेल्या हरकती उघडून यादी करायचं काम तुझ्याकडेच आहे असं तू लिहिलं होतंस.

हरकतीसोबत एक यादी जोडली आहे. डॉक्टरीणबाईंनी वॉर्डाचं रजिस्टर पाहू दिलं. या उन्हाळ्यात घरात बसल्या जागी ऊन लागलेल्या अकरा माणसांची नावं. प्रत्येकाचं वय, छत कशाचं, उंची किती, आणि पुढे काय झालं. ज्यांच्या घरी जाणं जमलं त्यांच्या घरी मी स्वतः काठी घेऊन उंची मोजली. नत्थुजींचं नाव आठवं आहे.

अकरावं नाव मैनाबाई पुंजाजी इंगळे, वय बावन्न.

दादा, पत्र खाली ठेवू नकोस, पुढचं वाच. माय जिवंत आहे, घरी आहे, माझ्यासमोर भिंतीला टेकून लसूण सोलते आहे.

मे महिन्याची तीन तारीख होती. मी सकाळच्या ड्युटीला गेले होते. मायनं दुपारी दार लावून घेतलं आणि पडली. मी चार वाजता आले तर दार आतून बंद. हाका मारल्या. माणिकबाईंच्या जावयानं दार उचकटलं. ती पालथी पडली होती, अंग कोरडं, डोळे वर. त्या सकाळभर मी वॉर्डात दुसऱ्यांच्या कपाळावर पाणी सोडत होते आणि माझी माय माझ्याच खोलीत भाजत होती. हे वाक्य मी रोज मनात लिहिते आणि खोडते.

सहा दिवस ती माझ्याच वॉर्डात होती. जयंतीच्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट शुद्ध आली. मॅट्रनबाईंनी रजा नाकारली नव्हती, उलट त्यांनीच मला तिच्या उशाशी बसू दिलं. एवढं खोटं मी तुला आजवर कधी बोलले नव्हते.

आता ती बोलते, पण शब्द ओढत येतात. चालते, पण झोकांड्या जातात, म्हणून भिंत धरून. हातातली लेखणी हलते, अक्षर उतरत नाही. बोटाला पाटा लागलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हळूहळू बरंचसं परत येईल, सगळं येईलच असं सांगता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "देवमनले सांगू नको." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "त्यानं मोठ्या हौसेनं पाहून देल्लं न हे घर."

दोन वर्षांपूर्वी तू आमच्यासाठी खोली शोधायला आलास तेव्हा आधी माणिकबाईंची पडवी पाहिली होतीस. मायला ती आवडली होती. तू आत पाऊलही टाकलं नाहीस. "पुन्हा मातीच्या घरात नाही," म्हणालास. "आता आपण सिमेंट-टिनात राहू." आणि ही नवी खोली घेतलीस, कुलूपसुद्धा नवं आणलंस. माय त्या दिवशी दाराला हात लावून लावून पाहत होती. तुझा आनंद पाहून ती खूश होती, मीही होते. म्हणून आम्ही दोघींनी दोन उन्हाळे काही म्हटलं नाही. तिनं तुझा मान राखायला सोसलं आणि मी नर्स असून गप्प बसले. यात तुझी एकट्याची चूक आहे असं मी म्हटलं तर ते तिसरं खोटं होईल.

पण यादीतून तिचं नाव काढायचं म्हटलं तर उरलेल्या दहा जणांचं मी कोणत्या तोंडानं लिहू? त्यांनाही कुणीतरी हौसेनं घर पाहून दिलं असेल.

साहेबांसमोर तुझी अडचण होईल, हे मला कळतं. आपल्या माणसाला त्या खुर्चीपर्यंत पोचायला काय लागलं तेही कळतं. तू रागावलास तर रागाव. पण कागदांच्या गठ्ठ्यात मायचं नाव तुला अनोळखी माणसासारखं भेटू नये, म्हणून आधी हे पत्र.

मायला मी अजून सांगितलेलं नाही, की तुला सांगितलं.

तुझी धाकटी,
शालू

•

अमरावती,
ता. २४ जून १९६३

प्रिय शालू,

सप्रेम जयभीम.

तुला उत्तर लिहायला वीस दिवस लागले. मधे मी स्वतः येऊन गेलो, पण त्या दिवशी आपण कामाचं काहीच बोललो नाही. तू ड्युटीवरून आलीस तेव्हा मी आणि माय माणिकबाईंच्या पडवीत शेवया खात होतो, तूही हात धुऊन बसलीस, आणि शेवटच्या गाडीनं मी मायला घेऊन निघालो. तू येण्याआधी काय झालं ते तुला माहीत नाही. ते आधी लिहितो.

तुझं पत्र मला ऑफिसात मिळालं. वाचलं, खिशात घातलं, आणि साहेबांना न विचारता स्टँडवर गेलो. अकोल्यात उतरलो तेव्हा एक वाजत आला होता. माय समोरच्या घरी असणार हे तुझ्या पत्रांवरून ठाऊक होतं, पण तिच्यापुढे जायचं धाडस होईना. माणिकबाईंच्या नातीकडून किल्ली मागून घेतली, तुमच्या खोलीत गेलो आणि दार लावून तिच्या खाटेवर बसलो. खाटेवर उभं राहून हात वर केला तर टिनाला लागत होता. शालू, मी रोज नकाशावर आठ फूट काढतो. कागदावर तेवढी उंची पुष्कळ वाटते. वीस मिनिटं बसलो असेन. शर्ट आधी ओला झाला आणि मग अंगावरच वाळू लागला.

दारावर हात पडला. उघडलं तर माय. भर उन्हात गल्ली ओलांडून आली होती, एक हात भिंतीला. पोरीनं जाऊन सांगितलं असणार. तिला तसं चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"येडा झाला का रे?" ती म्हणाली. शब्द तू लिहिलंस तसेच येत होते, ओढत. "अशा उनाचा आत काहून बसला? निंग बाहेर."

तिनं माझा दंड धरला. आधारासाठी तिनं मला धरलं की मी तिला, कळलं नाही. पडवीत आणून तिनं मला खाली बसवलं, माणिकबाईंकडून पाणी घेतलं.

"पानी पे अगुदर. शालीनं सांगतलं वाटते."

"माय, ती खोली मी घेतली."

"मले काय माईत नाही? मी होती न संगं."

"मी आत पाऊल टाकलं नाही या घरात. माती पाहिली की मला..."

ती म्हणाली, "मातीच्या भितीवर अजून राग हाये तुया?"

शालू, अठरा वर्षांत मी जे इंदूलासुद्धा सांगितलं नाही, ते तेव्हा तोंडातून गेलं. तू पत्रात लिहिलंस की मला काही विचारणार नाहीस. मीच सांगतो. झड लागायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला सांगितलं होतं, मागच्या भिंतीवर पाऊस मारू नये म्हणून कापसाच्या पऱ्हाट्यांची झडप बांध, पाणी मुरू लागलं आहे. पऱ्हाट्या अंगणात रचलेल्या होत्या, दोरही होता. मी उद्या बांधतो म्हणालो आणि शाळेच्या पोरांसोबत नाल्याचा पूर पाहायला गेलो. दुसऱ्या दिवशी झड लागली आणि तिसऱ्या दिवशी भिंत बसली. बाबा तिच्याच पायथ्याशी झोपले होते. मी तेरा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मी मातीला गुन्हेगार केलं, कारण नाहीतर तो मी होतो.

मी हे सगळं मायला सांगितलं. मान वर न करता.

ती म्हणाली, "मले माईत हाये."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"तुया बापानं तुले सांगतलं ते. मी चुलीपाशीच होती. मंग तू नाल्यावर पयाला तेई पायलं. मीनंच म्हटलं त्याले, राहू द्या, पोरगं हाये, उद्या बांधन. म्या बी नाही बांधली, त्यानं बी नाही बांधली. घरात तिघं होतो रे बाबू. तुया एकट्याच्या अंगावर काहून घेतं?"

मग थोडा वेळ दम घेऊन म्हणाली, "माती वाईट नसते. पानी मुरू देल्लं त वाईट होते. आन टिन बी वाईट नसते, त्याच्याखाली माणूस उघडा ठेवला त वाईट होते. येवढं शिकला, येवढं नाही समजलं तुले?"

माझ्या ओव्हरसियरच्या कोर्सात हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा हात हलत होता, तरी ती केसांतून फिरवत राहिली. त्यानंतर शेवया आल्या, आणि तू आलीस.

आता हरकतीचं. तुझा लिफाफा मीच फोडला. खरं सांगतो, तुझ्यावर मी दोन दिवस रागावलो होतो. यादीचं अक्षर तुझं पाहून अधिकच. साहेब म्हणाले, अमरावतीच्या नियमांवर अकोल्याची यादी कशाला, दप्तरी दाखल करा. त्यांनी सांगितलं तसं केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तो कागद माझ्या टेबलावर एक रात्र होता. सकाळी मी त्यावर क्रमांक टाकला आणि बैठकीच्या विषयात घेतला.

बैठक सतरा तारखेला झाली. अध्यक्ष खुशालराव, आपल्याकडचे जुने वकील. साहेबांनी पंख्यांचा मुद्दा मांडला, वीज येतेच आहे, म्हणाले. मग हरकती वाचायची वेळ आली आणि मी उभा राहून अकरा नावं वाचली. वय, छत, उंची, परिणाम. सभासद आधी आपसांत बोलत होते. आठव्या नावापर्यंत गप्प झाले. अकरावं वाचलं. "मैनाबाई पुंजाजी इंगळे, वय बावन्न. टिनाचं छत, उंची आठ फूट. वाचल्या. चालताना तोल जातो, वाचा जड."

खुशालरावांनी चष्मा काढला. "इंगळे? तुमच्या कोनी लागतात का?"

"माझी माय. ती खोली मीच पसंत केली होती. त्या वेळी मला ती चांगली वाटली."

खुशालराव बराच वेळ कागद चाळत होते. मग म्हणाले, "मंग ओव्हरसियर, तुमीच सांगा. किती ठेवाची उंची?"

"दहा फूट. टिन लावलंच तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, आणि भिंतीच्या माथ्याशी गरम हवा निघून जायला वीतभर फट."

तेवढं मंजूर झालं. एका सभासदानं खर्च वाढेल म्हणून विरोध केला, तो नोंदला गेला. शेवटचा शिक्का ऑगस्टच्या सभेत बसेल, तेव्हा कोण काय करेल सांगता येत नाही, पण खुशालराव आपल्या शब्दाचे आहेत.

कलम नऊचं मात्र राहिलं. दुरुस्ती मी लिहून नेली होती. जोतं दगडी, भिंतीला पावसाळी झडप, छपराची वळचण दोन फूट बाहेर, एवढं असेल तर मातीची भिंत चालावी. वाचायला उठलो आणि "पावसाळी झडप" या शब्दांवर माझा आवाज गेला. साहेबांनी तेवढ्यात पुढचा विषय घेतला. पुढच्या बैठकीत खुशालरावांमार्फत पुन्हा प्रयत्न करीन. नाही जमलं तर वाचायला तुला बोलावीन, नागरिक म्हणून.

मसुद्याचं काम दुसऱ्या दिवशी माझ्याकडून काढून घेतलं. उद्यापासून मी नाल्यांच्या दुरुस्तीवर. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तू लाल पेन्सिलीनं खोडशील. वाटलं. पण इंदू म्हणाली, नालेही कुणीतरी नीट बांधायलाच हवेत.

माय इथं रुळली आहे. सकाळी ती आणि धर्मपाल अंगणात फेऱ्या घालतात. त्याच्या एका बोटाला ती धरते, तो तिचं लुगडं धरतो, दोघंही वाकडे चालतात, आणि दोघांनाही वाटतं आपण दुसऱ्याला सांभाळतो आहोत. काल ती न धरता सात पावलं चालली. इंदूनं मोजली.

हरकतदाराला ऑफिसकडून पोच पाठवायची असते. माझ्या सहीनं गेलेला मसुद्यावरचा तो शेवटचा कागद. सोबत जोडला आहे. त्यावर एकच छापील वाक्य आहे, "आपली सूचना विचारार्थ स्वीकारण्यात आली." सरकारी कागदावर त्याहून जास्त लिहिता येत नाही, म्हणून उरलेलं इथं लिहितो. तुझ्यावर रागावलो होतो तेव्हाही मला ठाऊक होतं की तू बरोबर आहेस. राग त्याचाच होता.

आता रजा खरोखर माग. माय वाट पाहते, असं लिहायची रीत आहे, पण ती तर म्हणते, "तिची नोकरी हाये, सवडीनं येईन." वाट मीच पाहतो आहे.

तुझा
दादा